पायलटची रिटायरमेंट ६५ वरून ६७ करावी का? आणि आपल्या इकडच्या पोरायचं काय होईल?

आमगावचा_मामा (जि. गोंदिया)

राजेहो नमस्कार. एक प्रश्न डोक्यात घोळून राहिला, जाणकारांनी जरा नीट समजून सांगा.

माझ्या भाच्यानं सीपीएल केलं, म्हणजे पायलटचं कमर्शियल लायसन्स. २०० तासांचं फ्लाइंग झालं, पेपर निघाले, लायसन्स हातात आहे अन् पोरगं घरी बसून आहे. बहिणीनं धानाची जमीन गहाण टाकली, बँकेचं कर्ज वेगळं. आमच्याकडे बिरसीचं विमानतळ जवळ आहे, तिथली ट्रेनिंगची लहान विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, रोवणीच्या बाया चिखलात उभ्या राहून वर पाहतात, शाळेतले पोट्टे आवाजावरून कोणतं विमान ते सांगतात. त्यामुळे इकडच्या लेकरांना हे वेड लवकर लागते अन् मायबापही मग मागंपुढं न पाहता पैसा घालतात.

आता मी असं वाचलं का जगातल्या विमान कंपन्यांच्या मोठ्या संघटनेनं पायलटचं वय ६५ वरून ६७ करा म्हणून मागणी केली होती, अमेरिकेतही असंच काही चालू होतं म्हणे. आमच्या गावात यावर पानठेल्यावर दोन गट पडले. एक म्हणते एसटीचा ड्रायव्हर ५८ ला घरी, झेडपीचा मास्तर ५८ ला घरी, अन् ज्याच्या मागं पावणेदोनशे माणसं बसली आहेत तो ६७ पर्यंत काऊन? दुसरा म्हणते अनुभव असलेला माणूस कायले घालवता, तब्येत ठणठणीत असन तर उडवू द्या.

मले दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जीवाच्या सुरक्षेच्या हिशोबानं हे बरोबर आहे का, अन् वरचे लोक दोन वर्षं जास्त बसले तर माझ्या भाच्यासारख्या पोरायचा नंबर अजून मागं जाईल का. कोणी या लाइनीत असन तर सांगा, घरचे लोक रोज मलेच विचारतात.

कौंडण्यपूरची_लेक (जि. अमरावती)

मामा, मी एअरबसवर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे आपण ज्याला को-पायलट म्हणतो ते. जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

६५ चा नियम आयकाओचा आहे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतुकीची संस्था. दोन पायलटच्या विमानात, आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणासाठी ६५, आणि पायलट एकटाच असेल तर ६०. आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ६५ च ठेवलं आहे. आधी हे ६० होतं. अमेरिकेत १९५९ ला ६० चा नियम काढला आणि १९६० पासून लागू केला, तेव्हा जेट विमानं नुकतीच आली होती, आणि नेमके ६० च का यावर तेव्हापासून भांडण चालू आहे कारण त्या आकड्यामागे काही पक्का वैद्यकीय अभ्यास होता असं नाही. नोव्हेंबर २००६ ला आयकाओने ६५ केलं, पण अट घातली की एक पायलट ६० च्या वर असेल तर दुसरा ६० च्या आतला पाहिजे. अमेरिकेने डिसेंबर २००७ ला कायदा करून ६५ केलं. मग २०१४ ला आयकाओने जोडीची ती अटही काढून टाकली.

६७ चं असं झालं की अमेरिकेच्या संसदेतल्या हाउस या सभागृहाने २०२३ ला ६७ असलेलं बिल पास केलं होतं, पण २०२४ ला शेवटचा कायदा झाला त्यात ते राहिलं नाही. तिथल्या पायलट युनियनचाच विरोध होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, बाहेरच्या देशात ६५ च चालतं, मग ६६ चा कॅप्टन जो मोठं विमान घेऊन लंडन टोकियो करत होता तो आता देशातच उडणार, म्हणजे त्याला छोट्या विमानावर आणा, पुन्हा ट्रेनिंग द्या, तो आला की तिथला एक जण सरकणार, त्याच्यामागे अजून एक, अशी सगळी रांग हलणार. त्यानंतर २०२५ ला मॉन्ट्रियलला आयकाओचं अधिवेशन झालं तिथे आयाटा या कंपन्यांच्या संघटनेनं ६७ मांडलं, तेही मान्य झालं नाही. म्हणजे आज तरी ६५ च आहे, गावात तसं सांगून टाका.

काही देश वेगळे आहेत. जपानमध्ये ६७ पर्यंत उडवता येतं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये देशातल्या देशात वयाची वरची मर्यादाच नाही, मेडिकल पास असलं की झालं.

आता तुमच्या भाच्याचं. इथे लोक एक गोष्ट उलटी समजतात. आपल्याकडे तुटवडा कॅप्टनचा आहे, नुसत्या सीपीएलवाल्यांचा नाही, म्हणून तर कंपन्यांना परदेशी कॅप्टन आणावे लागतात. कॅप्टन नसला तर माझ्यासारखी को-पायलट कॉकपिटमध्ये बसूच शकत नाही आणि नवीन पोरांना लाइनवर, म्हणजे प्रवाशांच्या खऱ्या उड्डाणांत, शिकवणारेही तेच सिनियर कॅप्टन असतात. एका विमानामागे साधारण डझनभर पायलट लागतात, त्यातले निम्मे कॅप्टन. ते कमी पडले की विमान उभं राहतं आणि को-पायलटची भरतीही थांबते. त्यामुळे ६५ चा माणूस दोन वर्षं थांबला म्हणून भाच्याची जागा गेली असं सरळ होत नाही. नुकसान झालं तर मधल्यांचं होतं, म्हणजे माझं. मी कमांडची वाट पाहते आहे आणि विमानं वाढत नसताना वरचे दोन वर्षं थांबले तर माझं कॅप्टन होणं तेवढं लांबतं, पगारात दुपटीपेक्षा जास्त फरक असतो. हे मी लपवत नाही, पण फक्त त्यासाठी मी ६७ ला नाही म्हणणार नाही.

चिमूरवाला (जि. चंद्रपूर)

ताई तुमचं गणित कागदावर बरोबर आहे पण घरी बसलेल्या माणसाला विचारा.

मीपण सीपीएलवाला. आमच्या ढीवर समाजात गावातला पहिला. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबातून ट्रेनिंगची योजना काढली तेव्हा माझं वय निघून गेलं होतं म्हणून घरच्यांनी उसनवारी करून खाजगी केलं. लायसन्स मिळालं की नोकरी मिळते असं सगळे सांगतात, कोणी हे सांगत नाही की कंपनीत जायच्या आधी टाइप रेटिंग लागते, म्हणजे ठराविक मॉडेलचं विमान उडवायचं वेगळं ट्रेनिंग, त्याचे वेगळे पंधरा वीस लाख. ते केलं अन् व्हॅकन्सी नाही निघाली तर तेही पैसे बुडाले. दरवर्षी क्लास वन मेडिकल रिन्यू करा, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न दिसता यंत्रं पाहून उडवायचा) चेक द्या, त्यासाठी पुन्हा तासाच्या हिशोबानं विमान भाड्यानं घ्या. नोकरी नाही अन् लायसन्स जिवंत ठेवायलाच पैसा लागून राहिला.

अन् एकदा कंपनी बुडाली का काय होते ते आम्ही पाहिलं. किंगफिशर गेली २०१२ ला, जेट बंद पडली एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. प्रत्येक वेळी हजारो तासवाले अनुभवी लोक बाजारात येतात, कंपनी त्यांना घेईल का माझ्यासारख्या २०० तासवाल्याला? कॅप्टनचा तुटवडा आहे हे मान्य, पण मग जे को-पायलट कॅप्टन व्हायला तयार आहेत त्यांना लवकर तयार करा न. म्हाताऱ्याला दोन वर्षं वाढवून दिलं का कंपनीला ट्रेनिंगवर पैसा घालायची गरजच राहत नाही. माझा ६७ ला विरोध आहे अन् तो याच कारणानं आहे. कंपनीला स्वस्तातला रस्ता सापडला का ती दुसरा रस्ता शोधतच नाही.

सुरक्षेचं मला बोलायचं नाही, ते डॉक्टर लोक सांगतील.

बडनेरा_लॉबी (जि. अमरावती)

मी विमानात फक्त पॅसेंजर म्हणून बसलो, पण गाडी आयुष्यभर चालवली. लोको पायलट होतो, आधी मालगाडी मग मेल-एक्सप्रेस, ६० ला रिटायर. म्हणून दोन शब्द.

आमच्यात ए-वन कॅटेगरीचं मेडिकल असते. ४५ पर्यंत चार वर्षाला एकदा, ४५ ते ५५ दोन वर्षाला, ५५ नंतर दरवर्षी. डोळे, रंग ओळखणं, बीपी, साखर सगळं. मी एकदाही फेल नाही झालो. पण बाप्पा, मेडिकल पास होणं वेगळं अन् रात्रीची ड्युटी वेगळी, हे ज्यानं केलं त्यालेच समजते. दिवसाच्या गाडीत मी ५९ ला पण ३५ सारखाच होतो, गाडीचा आवाज ऐकून सांगायचो का मागं ब्रेक कुठं धरून राहिला. रात्री दोन ते चार मात्र वेगळा माणूस व्हायचो.

मूर्तिजापूर सोडलं की अकोल्यापर्यंत रूळ सरळ, हिवाळ्यात धुकं, समोर काहीच नाही. आम्ही दोघंही प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारतो, असिस्टंट म्हणते "डबल यलो", मी हात लांब करून पुन्हा म्हणतो "डबल यलो". तोंडातून निघालं म्हणजे डोक्यात गेलं असं धरायचं. इंजिनात एक यंत्रही असते, ठराविक वेळ तुम्ही काहीच हालचाल नाही केली तर ते लाइट लावते, मग भोंगा वाजवते, तरी बटन नाही दाबलं तर गाडीले ब्रेक लागते. आता शेवटल्या वर्षांत माझं काय व्हायचं, का बटन बरोबर दाबून राहिलो, सिग्नलही पुकारून राहिलो, अन् मधल्या दोन स्टेशनात काय झालं ते मले नंतर आठवत नसे. झोप नव्हती ती. डोळे उघडे, हात चालू, पण माणूस हजर नाही. असिस्टंट पोरगा हुशार होता, तो मधामधात घरच्या गोष्टी विचारत राहायचा, मुद्दाम. त्याले समजत होतं.

आता हे कोणत्या मेडिकलमध्ये दिसते सांगा. डॉक्टर मले सकाळी दहा वाजता तपासते, नाश्ता करून गेलेला असतो मी.

माझं म्हणणं एवढंच का वय वाढवायच्या आधी विश्रांतीचं पाहा. तरण्या पोट्ट्यालेही लागोपाठ तीन रात्री काढायला लावल्या तर तो ६५ च्या माणसासारखाच होते, मग ६५ वाल्याचं काय होत असन.

डॉक्टर_पुसद (जि. यवतमाळ)

काकाजी तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही जे सांगितलं त्याला मायक्रोस्लीपच्या आसपासचं काहीतरी म्हणतात, थकलेला मेंदू उघड्या डोळ्यांनी काही सेकंद बंद पडतो, आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. वय वाढलं की झोप तुटक होते, दिवसा झोपून रात्रीची भरपाई करायची ताकद कमी होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आहे, एव्हिएशन मेडिसिनवाली नाही, पण विषयात रस असल्यामुळे वाचत असते. लोकांना वाटतं म्हातारा पायलट म्हणजे हार्ट ॲटॅक. प्रत्यक्षात उड्डाणात पायलट अचानक आजारी पडायचं सगळ्यात नेहमीचं कारण पोटाचं असतं, उलट्या जुलाब. म्हणून तर बऱ्याच कंपन्यांत दोन पायलट एकसारखं जेवण घेत नाहीत. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, फिट हे कमी वेळा होतं पण झालं की पूर्ण माणूसच बाद होतो, आणि त्याची शक्यता वयाबरोबर वाढत जाते यात वाद नाही. एव्हिएशन मेडिसिनवाले यासाठी एक टक्क्याचा नियम वापरतात. पुढच्या एका वर्षात हा माणूस अचानक कोसळायची शक्यता एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर दोन पायलटच्या विमानात त्याला बसू द्यायला हरकत नाही, कारण शेजारी दुसरा आहे. म्हणजे सगळी मांडणी त्या दुसऱ्या माणसावर उभी आहे. ६० नंतर मेडिकल वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होतं तेही यासाठीच.

आता ऑगस्ट २०२३ ची नागपूरची घटना आठवा. नागपूर विमानतळावर पुण्याच्या फ्लाइटचा कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. वय ४० होतं. विमानात चढायच्या आधी झालं म्हणून, नाहीतर... विचार करवत नाही. ४० चा माणूस मेडिकल पास होऊन कोसळू शकतो आणि ६६ चा माणूस रोज पाच किलोमीटर चालत असतो. वय हे ढोबळ माप आहे, प्रत्येक माणसाचं वेगळं. पण ढोबळ असलं तरी ते आपण का वापरतो, कारण बारीक माप आपल्याकडे नाही. हृदयाचं बऱ्यापैकी आहे, ईसीजी, टीएमटी, रक्त तपासण्या. डोळ्यांचंही आहे, मोतीबिंदू सुरू झाला की रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात ते तपासात पकडता येतं. डोकं किती भरभर चालतं, एका वेळी चार गोष्टी आल्या तर काय होतं, हे मोजणारी आणि कोर्टात टिकेल अशी चाचणी अजून कोणाकडे नाही. ती नाही तोवर एक रेघ मारावी लागते आणि ती रेघ कोणावर तरी अन्याय करणारच.

अजून एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. जिथे मेडिकल फेल म्हणजे नोकरी संपली, तिथे माणूस डॉक्टरपासून लपवतो. आमच्या इथे ट्रक ड्रायव्हर शुगर ३०० असताना गोळी दुसऱ्याच्या नावावर लिहून द्या म्हणतात, कारण मालकाला कळू द्यायचं नाही. डिप्रेशन, झोपेच्या तक्रारी, छातीत कधीतरी होणारी जळजळ, पायलटही सांगणार नाहीत. वय ६७ केलं आणि मेडिकल आणखी कडक केलं की लपवणं पण वाढणार. आजार सांगितल्यावर पगार बंद होणार नाही एवढी सोय आधी करा, मग वयाचं बोला.

काटोलचा_कॅप्टन (जि. नागपूर)

हा धागा मुलीने पाठवला. मी ६५ ला उतरलो, आता संत्र्याची बाग बघतो. कुठल्या कंपनीत होतो ते महत्त्वाचं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, ६५ व्या वाढदिवसाला मी मेडिकली फिट होतो, सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरवरची परीक्षा, उत्तम झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी कॉकपिटमध्ये बसू शकत नव्हतो. वाईट वाटलं, खूप. माझे काही मित्र ५८ लाच संपले होते, कारण एअर इंडियात तेव्हा कायम नोकरी ५८ ला संपायची आणि पुढे ६५ पर्यंत कोणाला कॉन्ट्रॅक्टवर ठेवायचं ते कंपनी ठरवायची, २०२५ ला त्यांनी ते सरळ ६५ केलं. तर मला म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलायला सगळी कारणं आहेत. तरी मी आज ६७ च्या बाजूने नाही.

लोक अनुभवाचं उदाहरण देताना हडसन नदीवर उतरलेलं विमान सांगतात. जानेवारी २००९, दोन्ही इंजिनं पक्ष्यांनी बंद पाडली, १५५ लोक होते, सगळे वाचले. पण कॅप्टन सुलेनबर्गर तेव्हा ५७ चे होते. ५७ ला कोणीच घालवत नव्हतं, ६० चा जुना नियम असता तरी ते कॉकपिटमध्येच असते. आणि त्यांच्या शेजारचे फर्स्ट ऑफिसर ४९ चे, एअरबसवर अगदी नवीन, पण तेच इंजिन पुन्हा चालू करायची चेकलिस्ट भराभर करत होते. त्याआधी १९८९ ला सू सिटीला युनायटेडचं विमान सगळं हायड्रॉलिक, म्हणजे विमान वळवायची यंत्रणा, गेल्यावर फक्त इंजिनाच्या ताकदीवर धावपट्टीपर्यंत आणलं, ११२ लोक गेले पण १८४ वाचले, ते कॅप्टन हेन्सही ५७ चेच. अनुभव कामी येतो याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण अनुभव ६५ ते ६७ मध्ये येत नाही, तो आधीच आलेला असतो. त्या दोन वर्षांत फक्त शरीर खर्च होतं.

आता बडनेऱ्याच्या भाऊंनी जे लिहिलं ते मी वेगळ्या शब्दांत सांगतो. आमचा सिम्युलेटर चेक दर सहा महिन्यांनी असतो. तारीख आधी माहीत असते. माणूस आठवडाभर मॅन्युअल वाचतो, आदल्या रात्री लवकर झोपतो, ताजा होऊन जातो. इंजिन फेल होणार, आग लागणार, सगळं येणार हे डोक्यात तयार असतं. तिथे मी ६४ ला पण नव्वद टक्के आणत होतो. खरी परीक्षा कुठे आहे तर आखातातून रात्रीची परत फेरी, पहाटे साडेतीन, काही बिघडलेलं नाही, सगळं नीट चाललं आहे, आणि उतरताना कंट्रोलरने अचानक धावपट्टी बदलली. तेव्हा नवीन ॲप्रोच (उतरायचा मार्ग) सेट करायचा, उंची, वारा, पुढचा टॅक्सीवे, दोन मिनिटांत. तिशीचा को-पायलट ते करून मोकळा होतो. मी शेवटच्या वर्षी तेच करत होतो पण मला एक वाक्य पुन्हा विचारावं लागत होतं. "कन्फर्म रनवे?" एवढंच. कुठलीही चूक नाही झाली, कोणी काही बोललं नाही, पण मला स्वतःला ते जाणवत होतं आणि कोणत्याही चेकमध्ये ते दिसलं नसतं. चेक माणसाला त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवशी मोजतो.

आयाटाच्या मागणीतही एक अट होती की ६५ च्या वरचा एक असेल तर दुसरा ६५ च्या आतला हवा. २००६ चीच पद्धत. आपल्याकडे शेतकरी जुन्या बैलाबरोबर नवा गोऱ्हा जुंपतो तसंच ते, आणि ते शिकवायला चांगलं आहे. फक्त गोऱ्ह्याने शिकावं म्हणून जुंपणं वेगळं आणि जुना बैल बसला तर नव्याने ओढावं म्हणून जुंपणं वेगळं. दुसऱ्या हिशोबाने नियम करायचा असेल तर त्या तरुण को-पायलटचा अनुभव किती, तो किती दमलेला आहे, हेही नियमात लिहा. ते कोणी लिहीत नाही.

विश्रांतीचं तर डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. डीजीसीएने नवे ड्युटीचे नियम आणले, आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोन. नियम लागू होताच सगळ्यात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर दोन दोन दिवस पडून होते, आणि मग त्याच रात्रीच्या नियमांत कंपनीला तात्पुरती सवलत द्यावी लागली. म्हणजे दमलेल्या पायलटवर ही व्यवस्था किती टेकलेली आहे ते उघड झालं. अशा वेळी ६७ करा म्हणणं म्हणजे भोक बुजवायला आणखी दमणारी माणसं आणणं. आधी ४८ तास आणि दोन लँडिंग पूर्णपणे पाळून दाखवा, चार पाच वर्षं, मग मीच ६७ चा अर्ज लिहून देईन. दिवसाच्या, छोट्या पल्ल्याच्या उड्डाणांपुरतं सुरू करता येईल.

आमगावचा_मामा

कॅप्टनसाहेब, तुम्ही आमच्या भागातलेच निघाले, लय बरं वाटलं. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, मी आजच भाच्याला वाचून दाखवतो.

एक विचारायचं राहिलं. समजा ६५ च ठेवलं, तर तुमच्यासारख्या माणसानं एवढ्या वर्षांत जे कमावलं ते बागेतच राहणार काय? अन् युरोपात म्हणे पायलट वयावरून कोर्टात गेले होते, त्याचं काय झालं? पानठेल्यावर एक मास्तर म्हणते कोर्टानं वयाची अटच उडवली.

काटोलचा_कॅप्टन

मास्तरांचं अर्धं खरं आहे. लुफ्थान्साचे पायलट गेले होते. त्यांच्या करारात ६० होतं, कायद्यात ६५. युरोपच्या कोर्टाने २०११ ला सांगितलं की कायदा ६५ म्हणतो तर कंपनीच्या कराराने ६० वर घालवणं हा वयावरून भेदभाव आहे. पण २०१७ ला दुसऱ्या प्रकरणात त्याच कोर्टाने ६५ ची मर्यादा योग्य आहे, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ती ठेवता येते असं सांगितलं. म्हणजे अट उडवली नाही, ६५ वर शिक्कामोर्तब केलं.

अनुभव बागेत राहणार नाही, ती काळजी सोडा. सिम्युलेटरवर शिकवायला ६५ आडवं येत नाही. ग्राउंड क्लास घेता येतात. माझ्या मते कंपन्यांनी ६५ झालेल्या प्रत्येक चांगल्या कॅप्टनला दोन वर्षं पूर्ण पगारावर ट्रेनिंगमध्ये ठेवावं, को-पायलटांना कमांडसाठी तयार करायला. चिमूरच्या मुलाने जे विचारलं की आम्हाला लवकर तयार का करत नाही, त्याचं कारण शिकवणारे कमी आहेत. शिकवणारे ६५ ला घरी जात आहेत. दोन वर्षं वाढवायचीच असतील तर ती तिथे वाढवा, रात्रीच्या विमानात नको.

चिमूरवाला

साहेब हे पहिल्यांदा कोणी असं बोललं. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त त्यात एक जोडा, टाइप रेटिंगचा खर्च कंपनीनं उचलावा अन् पगारातून हप्त्यानं कापून घ्यावा, आगाऊ मागू नये. नाहीतर शिकवणारे असूनही आमच्यासारखा पोरगा दारातच राहील. शेत विकून सीपीएल होते, पण दुसऱ्यांदा विकायला शेत कुठून आणायचं.

कौंडण्यपूरची_लेक

चिमूरच्या दादाचं पटलं. काही कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम (नवीन पोरांना ट्रेनिंग देऊन घ्यायच्या योजना) आहेत पण तेही आगाऊ पैसे मागतात, हप्त्याचं खरंच व्हायला पाहिजे. आणि कॅप्टन सर, माझं कमांड ट्रेनिंग तुमच्यासारख्या कोणी घेतलं तर मी दोन वर्षं मागे गेले तरी चालेल, हे मनापासून सांगते. फक्त रात्रीचं तुम्ही जे लिहिलं ते मी उजव्या सीटवरून रोज बघते आणि आमच्यातले ३५ चे कॅप्टनही महिन्याच्या शेवटी तसेच झालेले असतात. डॉक्टरताई म्हणतात ते खरं आहे, दमलो आहे असं कळवलं की रोस्टरवाल्याचा सूर बदलतो, म्हणून बरेच जण कळवतच नाहीत.

मामा, भाच्यासाठी आत्ताचं काम सांगते. क्लास वन मेडिकल कधी संपतं ते आजच बघा आणि संपायच्या दोन महिने आधी अपॉइंटमेंट घ्या, तारीख लवकर मिळत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग लॅप्स होऊ देऊ नका, नंतर जास्त खर्च येतो. व्हॅकन्सी निघाली नसेल तर घाईने स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नका, कोणत्या विमानावर भरती निघते ते आधी पाहा, चुकीच्या विमानावर केलं तर सगळे पैसे जातात. जमत असेल तर फ्लाइंग इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करायला सांगा, बिरसी तर घराजवळच आहे, तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवता शिकवता तास वाढतात आणि थोडा पगारही येतो. मला मेसेज करा, कोणते पेपर आधी वाचायचे ते पाठवते.

आमगावचा_मामा

हो बाई, करतो. मेडिकल मार्चमध्ये संपते म्हणून सांगून राहिला, उद्याच ऑनलाइन तारीख पाहायला लावतो. इन्स्ट्रक्टरचं आमच्या डोक्यातच नव्हतं आलं. बहिणीले सांगितलं, ती म्हणे त्या पोरीचा नंबर घे.